थरांआधीचा थर

1951 साली एडिनबरोमध्ये डी. एस. फाल्कनर या जनुकशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या एका विचित्र वाणाची नोंद केली. ही पिल्लं झोकांड्या खात चालत, कलंडत, पुन्हा उठून तशीच लडखडत. त्यावरून या वाणाला ‘रीलर’ हे नाव पडलं. पुढे या उंदरांच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा चालण्यातल्या दोषापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट समोर आली. मेंदूच्या सर्वांत बाहेरच्या आवरणात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, पेशींचे जे थर एका ठरलेल्या क्रमाने असायला हवेत, ते या उंदरांत ढोबळमानाने उलटे होते. वर असायला हव्या त्या पेशी खाली, खालच्या वर, आणि मधल्या सीमारेषा विस्कटलेल्या. एका जनुकातल्या बिघाडाने सगळी उतरंड फिरली होती. त्यामुळे कॉर्टेक्स घडतं कसं या प्रश्नाचा अर्थ पुढची कित्येक वर्षं ‘थरांचा क्रम लागतो कसा’ एवढाच घेतला गेला. हा अर्थ अपुरा आहे, असं मला वाटतं. गर्भाच्या मेंदूत सर्वांत आधी तयार होणारा आणि पुढे बव्हंशी नाहीसा होणारा पेशींचा थर नंतरच्या पेशींना रांगेत उभं करण्यासाठी असतो, असं आपण धरून चाललो. पुरावा नीट पाहिला तर त्याचं त्याहून मोलाचं काम वेगळंच दिसतं. मेंदूच्या आतून येणाऱ्या तंतूंची आणि कॉर्टेक्समधल्या पेशींची गाठ घालून देणं आणि ती पक्की करणं, हे ते काम. क्रम बिघडला तरी मेंदू बरंच काही निभावून नेतो. ही गाठ पडली नाही तर मात्र व्यवस्थित रचलेले थरही बहिरे राहतात.

आधी साधी रचना पाहू. सस्तन प्राण्यांच्या नव-कॉर्टेक्समध्ये सहा थर मोजायची पद्धत आहे. कोर्बिनियन ब्रॉडमन यांचा 1909 सालचा मेंदूचा नकाशा याच थरांच्या जाडीतल्या आणि दाटीतल्या फरकांवर उभा आहे. प्रत्येक थराचे संबंध वेगळे. थॅलॅमस हे मेंदूच्या गाभ्यातलं मोठं जंक्शन. डोळे, कान आणि त्वचेकडून आलेले संदेश तिथून निघतात आणि मुख्यतः चौथ्या थरात उतरतात. पाचव्या थरातल्या पेशी आपले तंतू दूर, पाठीच्या कण्यापर्यंत धाडतात. सहाव्या थराचे तंतू थॅलॅमसकडे परत जातात. दुसरा आणि तिसरा थर कॉर्टेक्सचे वेगवेगळे भाग एकमेकांना जोडतात. म्हणजे थर ही पेशींची नुसती चळत नाही, कोण कोणाशी बोलणार याची ती वाटणीही आहे. ही वाटणी पेशींच्या जागेमुळे होते, की पेशीच्या स्वभावात आधीच असते आणि जागा त्यामागून येते, हा खरा मुद्दा आहे.

उंदराचा गर्भकाळ सुमारे एकोणीस दिवसांचा. दहाव्या दिवशी भावी कॉर्टेक्सची भिंत म्हणजे लांबट पेशींची एकच ओळ असते. प्रत्येक पेशीचं एक टोक आतल्या पोकळीला, दुसरं बाहेरच्या पृष्ठभागाला टेकलेलं. या पेशींची केंद्रकं विभाजनाच्या चक्राबरोबर वर-खाली सरकतात आणि विभाजन पोकळीच्या काठाशी येऊन होतं. म्हणून एकच ओळ असूनही कापात ती अनेक ओळींसारखी दिसते. एफ. सी. सॉअर यांनी 1930 च्या दशकात हे उलगडून दाखवलं. याच पेशी थोड्या दिवसांत ‘रेडियल ग्लिया’ होतात. पास्को राकिच यांनी 1972 साली माकडाच्या गर्भात दाखवलं की नव्या चेतापेशी या ग्लियाच्या लांब धाग्यांना धरून वर चढतात. या ग्लिया पेशी वाट दाखवतात एवढंच नव्हे, चेतापेशींच्या त्या आयाही आहेत, हे ठामपणे समजायला मात्र 2001 पर्यंत थांबावं लागलं.

दहावा-अकरावा दिवस संपता संपता या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पहिल्या चेतापेशी जमतात. ही प्रीप्लेट, थरांआधीचा थर. बाराव्या दिवशीचा काप पाहिला तर आत विभाजनात गुंतलेल्या पेशींचा जाड दाट पट्टा, आणि त्यावर विरळ, आडव्या-तिडव्या पेशींची पातळ साय. तेरा-चौदाव्या दिवशी ही साय दुभंगते. नव्याने वर चढलेल्या चेतापेशींचा दाट पट्टा, म्हणजे कॉर्टिकल प्लेट, तिच्या मधोमध शिरतो. सायीचा वरचा भाग पृष्ठभागाला चिकटून राहतो, तो पुढचा पहिला थर. खालचा भाग कॉर्टिकल प्लेटच्या तळाशी ढकलला जातो, ती सबप्लेट. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे सगळे थर या दोन पाटांच्या मध्ये घडतात. ते घडण्याचा क्रमही उलटा असतो. आधी जन्मलेल्या पेशी खाली राहतात आणि नंतर जन्मलेल्या त्यांना ओलांडून वर जातात. जे. बी. अँजेविन आणि रिचर्ड सिडमन यांनी 1961 साली गाभण उंदरांना किरणोत्सारी थायमिडीन टोचून हे सिद्ध केलं. ज्या दिवशी पेशी जन्मली त्या दिवसाची खूण तिच्या डीएनएत कायम राहते. पिल्लू वाढल्यावर ती खूण कुठल्या थरात सापडते एवढंच पाहायचं. पद्धत इतकी स्वच्छ होती की तिचा निष्कर्ष आजही टिकून आहे.

प्रीप्लेटच्या पेशी डोळ्यांना दिसल्या त्या याच्या कितीतरी आधी. सांतियागो रामोन इ काजाल यांनी 1890 च्या आसपास लहान सस्तन प्राण्यांत, आणि गुस्ताफ रेट्झियस यांनी लगोलग मानवी गर्भात, पृष्ठभागाला समांतर पसरलेल्या मोठ्या पेशींचं वर्णन केलं. गॉल्जीच्या चांदीच्या रंगक्रियेत या काजाल-रेट्झियस पेशी फार देखण्या दिसतात. जाडसर आडवं खोड, आणि त्यातून पृष्ठभागाकडे ताठ उभे राहिलेले बारीक फाटे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिगेल मारिन-पादिया यांनी तीच जुनी चांदीची पद्धत वापरून मांजरीच्या गर्भाचा अभ्यास केला आणि पहिला थर व सबप्लेट ही एकाच मूळ थराची दोन शकलं आहेत असं मांडलं. मार्ला लस्किन आणि कार्ला शॅट्झ यांनी 1985 मध्ये मांजरीतच पेशींच्या जन्मतारखा तपासून त्याला दुजोरा दिला. सबप्लेट हे नाव मानवी गर्भावरच्या कामातून आलं, इविट्सा कोस्टोविच आणि मार्क मॉलिव्हर यांच्याकडून, 1974 मध्ये. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की गर्भमेंदूच्या पट्ट्यांची अधिकृत नावं ठरवणाऱ्या बोल्डर समितीच्या 1970 च्या यादीत सबप्लेट नव्हतीच. मानवी गर्भात एका टप्प्यावर जो पट्टा कॉर्टिकल प्लेटच्या कित्येक पट जाड होतो, तोच यादीबाहेर राहिला. क्रमाकडेच डोळे लागले असले की असं होतं.

रीलरचं कोडं 1995 मध्ये सुटलं, निदान तसं वाटलं. टॉम करन यांच्या गटाने बिघडलेलं जनुक शोधलं आणि त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला रीलिन म्हटलं. सुमारे साडेतीन हजार अमिनो आम्लांचं हे अवाढव्य प्रथिन पेशीबाहेर सोडलं जातं. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी एका प्रतिपिंडाच्या साहाय्याने दाखवलं की रीलरमध्ये नेमक्या काजाल-रेट्झियस पेशींवरचाच रेणू हरवलेला असतो. चित्र जुळलं. वरच्या पाटातल्या पेशी रीलिन सोडतात, खालून चढणाऱ्या पेशी ते ओळखतात, आपल्या आधी आलेल्यांना ओलांडतात आणि वर येऊन थांबतात. रीलर उंदरात प्रीप्लेट दुभंगतच नाही. नव्या पेशी तिच्याखाली साचत जातात आणि क्रम उलटतो. पाठ्यपुस्तकांत आजही गोष्ट इथेच संपते.

पण गोष्ट पुढे गेली आहे. रीलिन वरूनच आलं पाहिजे, म्हणजे ‘इकडे या’ असा हाकारा ते घालतं, अशी समजूत होती. करन यांच्याच गटाने 2002 मध्ये रीलर उंदरांत हे प्रथिन मुद्दाम चुकीच्या जागी, आतल्या विभाजनाच्या पट्ट्यात बनवायला लावलं. तरीही प्रीप्लेट दुभंगली आणि उंदरांचं लडखडणं थांबलं. म्हणजे रीलिनची हाक दिशा दाखवणारी नव्हती, फार तर परवानगी देणारी होती. पुढे 2006 मध्ये शिकागोच्या एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेने काजाल-रेट्झियस पेशींचा मुख्य उगमच नाहीसा केला. कॉर्टेक्सच्या आतल्या कडेला ‘हेम’ नावाची एक पट्टी असते, यातल्या बहुतेक पेशी तिथून निघून पृष्ठभागावर पसरतात. हेम गेली, नव-कॉर्टेक्सवरच्या बहुसंख्य काजाल-रेट्झियस पेशी गेल्या, पण थरांचा क्रम टिकला. रीलिन मुळीच नसणं आणि ते सोडणाऱ्या पेशी फार थोड्या उरणं यांत अर्थातच फरक आहे. थोडं रीलिनही पुरत असेल. मात्र वरून देखरेख करणारा मुकादम आणि खाली त्याचं ऐकणारे पेशींचे थवे, हे चित्र या दोन प्रयोगांनंतर जसंच्या तसं ठेवता येत नाही.

आता उलट बाजूने विचारू. क्रम खरोखरच उलटला तर काय बिघडतं? अर्सुला ड्रेगर यांनी 1981 मध्ये रीलर उंदरांच्या दृष्टी-कॉर्टेक्समधल्या एकेका पेशीची विद्युत प्रतिक्रिया नोंदवली. पेशी नको त्या खोलीवर होत्या, तरी दृश्यक्षेत्राचा नकाशा जागेवर होता आणि पेशींचे प्रतिसाद बरेचसे नेहमीच्या उंदरासारखे होते. मिशांच्या स्पर्शाचा नकाशाही रीलरमध्ये ओळखता येतो. ग्योटिंगेनला योखेन श्टायगर यांच्या गटाने अलीकडच्या वर्षांत दाखवलं आहे की थॅलॅमसचे तंतू या विस्कटलेल्या कॉर्टेक्समध्येही योग्य जातीच्या पेशींना गाठतात. त्या वाटेत एक विलक्षण गोष्ट आहे. हे तंतू आधी तिरके चढून थेट पृष्ठभागाजवळच्या, न दुभंगलेल्या प्रीप्लेटपर्यंत जातात आणि तिथून वळून खाली आपल्या पेशींकडे येतात. प्रीप्लेट भलत्या मजल्यावर अडकली आहे, म्हणून तंतू त्या मजल्यावर जातात. चौथ्या थराच्या पेशी वाटेतच भेटत असतानाही ते आधी जुन्या पेशींच्या दारात हजेरी लावतात. आकर्षण थराच्या पत्त्याचं असतं, तर हा वळसा पडला नसता.

पेशीला आपली ओळख जागेवरून मिळत नाही, याचा पुरावा वेगळ्या वाटेनेही आला आहे. सुझन मॅकॉनेल यांनी फेरेटच्या गर्भातल्या जनक पेशी काढून वेगळ्या वयाच्या मेंदूत रुजवल्या. शेवटच्या विभाजनाच्या सुरुवातीला, डीएनएची प्रत निघत असताना पेशी हलवली, तर ती नव्या घराच्या थरात सामावली. चक्र पुढे गेल्यावर हलवली, तर ती आपल्या मूळ थराचा हट्ट धरून बसली. हे काम 1991 सालचं. पेशी कोण होणार हे जवळजवळ जन्माच्या घटकेला ठरतं, नंतरचा प्रवास तिला फक्त एका जागी नेतो. रीलरमध्ये प्रवास चुकतो, ओळख शाबूत राहते. आणि जोडणी होते ती ओळखीशी.

रीलरच्या बरोबर उलट स्थिती दाखवणारे प्रयोग कार्ला शॅट्झ यांच्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत झाले. मांजरीच्या गर्भात सबप्लेटच्या पेशी सर्वांत आधी प्रौढ होतात आणि त्यांचे तंतू कॉर्टेक्समधून थॅलॅमसकडे जाणारी पहिली वाट पाडतात. हे 1989 चं निरीक्षण. उलट बाजूने थॅलॅमसचे तंतू येतात, सबप्लेटमध्ये पोहोचतात आणि थांबतात. मांजरीत ही प्रतीक्षा काही आठवड्यांची असते. कारण वरचा चौथा थर अजून तयार झालेला नसतो. 1990 मध्ये अनिर्वाण घोष, अंतोनेला अंतोनिनी, मॅकॉनेल आणि शॅट्झ यांनी दृष्टी-कॉर्टेक्सखालच्या सबप्लेट पेशी केनिक आम्लाने मारल्या. वरची कॉर्टिकल प्लेट वाचली, चौथा थरही घडला. मात्र डोळ्यांचे संदेश आणणारे तंतू त्या कॉर्टेक्सखालून पुढे निघून गेले, आत शिरलेच नाहीत. रीलरमध्ये क्रम गेला आणि गाठ राहिली, इथे क्रम राहिला आणि गाठ पडलीच नाही. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की माझ्या म्हणण्याला आधार मिळतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की ही सबप्लेट म्हणजे फार तर परांची. इमारत उभी राहीपर्यंत बांबू लागतात, मग सोडून घेतात. बांबूंना इमारतीचा भाग कोणी म्हणत नाही. सबप्लेटच्या बहुतेक पेशी पुढे मरतात हे खरंच आहे. उंदरात उरलेल्यांचा ‘6-ब’ नावाचा पातळ थर राहतो, माणसात त्या पांढऱ्या द्रव्यात विखुरलेल्या सापडतात. पण ही उपमा महत्त्वाच्या जागी तुटते. परांची भिंतीशी बोलत नाही, सबप्लेट बोलते. थॅलॅमसचे तंतू चौथ्या थरात शिरून गेल्यावर सबप्लेट मारली तर काय होतं, हे शॅट्झ यांच्या गटाने पाहिलं. वाट दाखवण्याचं काम तर संपलं होतं. तरी दोन डोळ्यांसाठीचे वेगवेगळे पट्टे तयार झाले नाहीत. 2003 मध्ये पॅट्रिक कनोल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा कॉर्टेक्समध्ये थॅलॅमस आणि चौथा थर यांमधली जोडणी बळकटच होत नाही. तंतू पोहोचलेले, पेशी जागेवर, आणि तरीही ती क्षीण राहते. टोक्योमधल्या चिआकी ओहताका-मारुयामा यांच्या 2018 च्या कामाने आणखी एक पदर उलगडला. वर चढणाऱ्या कोवळ्या चेतापेशी सबप्लेटपाशी येतात तेव्हा तिथल्या पेशी त्यांच्याशी तात्पुरत्या जोडण्या करून संदेश देतात, आणि त्या संदेशानंतर या पेशी आपला आकार आणि चाल बदलून वेगाने वर जातात. म्हणजे क्रम लावण्यातही सबप्लेटचा हात आहे, आणि तो तिने संभाषणातूनच दिला आहे. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर शोध वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. विषाने पेशी मारण्याचे प्रयोग ओबडधोबड असतात. शेजारच्या किती पेशी दुखावल्या, सूज किती आली, याची खात्री कशी द्यायची? शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर जनुकीय प्रयोगांतूनच यायला हवं होतं. त्यातलं एक महत्त्वाचं उत्तर मुंबईतून, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलं. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने अनेक वर्षं ‘एलएचएक्स 2’ या जनुकाचा माग काढला आहे. 2008 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हेम कुठे होणार आणि कॉर्टेक्स कुठे, ही सीमा हे जनुक राखतं. ते जिथे नसतं तिथे कॉर्टेक्सच्या ऊतीतच नवी हेम उगवते. 2021 मध्ये याच प्रयोगशाळेने सबप्लेटकडे मोर्चा वळवला. उंदराच्या गर्भात साडेअकराव्या दिवशी, सबप्लेटच्या पेशींना जन्म देणाऱ्या जनक पेशींतून हे जनुक काढलं. सबप्लेट तयार झाली, आणि आपल्या योग्य जागी, कॉर्टिकल प्लेटच्या खालीच तयार झाली. पण तिच्या पेशींची जनुकीय घडण बदललेली होती आणि विद्युतदृष्ट्या त्या कच्च्या होत्या. थॅलॅमसचे तंतू थांबायचं सोडून साडेपंधराव्या दिवशीच कॉर्टेक्समध्ये घुसले. जन्मानंतर आठवडाभरात ही जोडणी जवळजवळ नाहीशी झाली आणि मिशांच्या स्पर्शाचा नकाशा बनलाच नाही. हेच जनुक सबप्लेट पेशी जन्मल्यानंतर काढलं, तर यातलं काहीही घडलं नाही. विष नाही, जखम नाही, जागाही बरोबर. बिघडला होता तो पेशींचा स्वभाव, आणि तोही त्यांच्या जन्माआधी. केवळ जागेवर असणं पुरत नाही, याचा इतका नेमका पुरावा दुसरा चटकन आठवत नाही.

तिसरा आक्षेप माणसाकडे बोट दाखवतो. क्रमाला एवढं दुय्यम कसं ठरवता? रीलिनचं जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेली मुलं जन्मतात, त्यांच्या मेंदूला वळ्या कमी असतात, अनुमस्तिष्क खुरटलेलं असतं, त्यांना फिट्स येतात आणि वाढ फार मागे राहते. 2000 साली अशा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या दुःखाकडे दुर्लक्ष करून कोणताही युक्तिवाद उभा राहू नये. पण ते सारं थरांच्या क्रमाच्या खात्यावर मांडता येत नाही. रीलिन जन्मानंतरही चेतापेशींच्या जोडण्यांत काम करत राहतं, अनुमस्तिष्काची वाढ त्याच्यावर अवलंबून असते, आणि रीलर उंदराचं लडखडणंही मुख्यतः तिथलंच आहे. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवी. उंदराचं कॉर्टेक्स जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि गुळगुळीत. माणसाचं त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड, वळ्यावळ्यांचं, आणि त्यातल्या जोडण्यांची अंतरं मोठी. तिथे क्रम बिघडला तर तंतूंची लांबी वाढेल, संदेशांच्या वेळा चुकतील. उंदीर जे निभावून नेतो ते माणसाला निभावेलच असं नाही. क्रमाचं मोल मेंदूच्या आकाराबरोबर वाढत असावं. तरीही ते जोडणीच्या काटकसरीचंच मोल ठरतं. कासवाच्या तीन थरांच्या कॉर्टेक्समध्ये पेशी सस्तन प्राण्यांच्या उलट क्रमाने, बाहेरून आत रचल्या जातात आणि थॅलॅमसचे तंतू पृष्ठभागालगत धावतात. त्या रचनेवरही एक प्राणिकुळ कोट्यवधी वर्षं जगलं आहे.

या वादाला केवळ प्रयोगशाळेपुरतं ठेवता येत नाही, याचं कारण वेळेआधी जन्मणारी बाळं. मानवी गर्भात सबप्लेट गर्भारपणाच्या मध्यावर वाढत जाते आणि शेवटच्या तिमाहीच्या तोंडाशी सर्वाधिक जाड असते. थॅलॅमसचे तंतू याच काळात तिथे थांबलेले असतात आणि मग वर शिरतात. चोवीस ते बत्तीस आठवड्यांच्या दरम्यान जन्मलेल्या बाळाच्या मेंदूला प्राणवायू आणि रक्त कमी पडण्याचा धोका असतो तो नेमका याच काळात. पॅट्रिक मॅक्विलन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये उंदीरवर्गातल्या नवजात पिल्लांत असा ताण निर्माण केला, तेव्हा सबप्लेटच्या पेशी निवडून मेल्या, वरच्या थरांतल्या तुलनेने वाचल्या. म्हणजे अशा बाळाच्या कॉर्टेक्सचे थर नंतर तपासले तर ते जागच्या जागी दिसू शकतील, आणि तरीही पाहणं, ऐकणं, लक्ष देणं यांत पुढे अडचणी उभ्या राहतील. नवजात अतिदक्षता विभागातल्या एमआरआयमध्ये सबप्लेट आणि थॅलॅमसकडून येणारे तंतू आता वेगळे ओळखता येतात. पाहणीचा भर जाडीवर आणि वळ्यांवर न ठेवता या जोडणीवर ठेवला, तर कोणत्या बाळाला कोणत्या मदतीची गरज पडेल याचा अंदाज शाळेच्या वयाची वाट न पाहता बांधता येण्याची शक्यता वाढते.